जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी बदलताना नवा बॉक्स कुठे मरतो

अमेरिकेत जुना पिकअप ट्रक किंवा एसयूव्ही बाळगणाऱ्यांवर ही वेळ कधी ना कधी येते. गाडी दीड-दोन लाख मैल पळालेली, इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, आणि एके दिवशी दुसऱ्या गिअरातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच ओरडतं, चाकांपर्यंत काहीच पोचत नाही. गॅरेजवाला जो आकडा सांगतो तो बहुतेकदा गाडीच्या बाजारभावाच्या आसपास असतो. मग गाडी भंगारात द्यायची, नाहीतर घराच्या गराजात जमिनीवर पाठ टेकून बॉक्स स्वतः बदलायचा.

स्वतः बदलता येतो. इथे बॉक्स ‘उघडून दुरुस्त करणं’ अभिप्रेत नाही. ते वेगळ्या कारागिरीचं काम आहे, त्याला खास हत्यारं लागतात आणि धूळ चालत नाही. अख्खा बॉक्स उतरवून त्या जागी दुसरा तयार बॉक्स चढवणं हे मात्र मुख्यतः बोल्ट खोलणं आणि बोल्ट आवळणं आहे. जड आहे, कळकट आहे, पण अवघड नाही. अडचण वेगळीच आहे. घरी बसवलेले बरेच बॉक्स पहिल्या पाच मिनिटांत किंवा पहिल्या महिन्यात जातात, आणि बॉक्स देणाऱ्याला शिव्या खाव्या लागतात. त्यातले बहुतेक बॉक्स बसवतानाच मेलेले असतात. ते कुठे आणि कसे मरतात ते कळलं, की बाकीचं काम फक्त घामाचं उरतं.

उदाहरणासाठी जनरल मोटर्सचा ‘४एल६०-ई’ हा बॉक्स घेऊ. शेव्हरोले आणि जीएमसीचे पिकअप, टाहो, सबर्बन, ब्लेझर, कमॅरो अशा असंख्य गाड्यांखाली तो सापडतो. त्याचा पूर्वज ‘७००-आर४’ १९८२ सालच्या गाड्यांत आला, १९९० मध्ये त्याचं नाव ४एल६० झालं, आणि १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला ‘ई’ आला. नावातच त्याची कुंडली आहे: चार पुढचे गिअर, इंजिनामागे लांबीच्या दिशेत बसणारा म्हणून ‘एल’ आणि ताकदीचा दर्जा ६०. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत हा बॉक्स इंजिनामागे सरळ लटकलेला असतो, म्हणून घरी उतरवता येतो. पुढची चाकं ओढणाऱ्या होंडा-टोयोटाच्या सेडानमध्ये बॉक्स इंजिनाशेजारी आडवा कोंबलेला असतो. तिथे दोन्ही अॅक्सल, सबफ्रेम आणि बऱ्याचदा इंजिन वरून टांगून धरण्याची सोय हे सगळं वाढतं. पहिलाच प्रयोग असेल तर तो त्या गाडीवर करू नये.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ म्हणून जे विकलं जातं त्यात बऱ्याच गाड्या एएमटी असतात. मारुतीच्या सेलेरिओने २०१४ मध्ये ती लाट आणली. एएमटी म्हणजे नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीची क्लचप्लेट, फक्त पाय आणि हात मोटरचे. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. खाली जे सांगितलंय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बॉक्सला लागू आहे.

आत काय चाललेलं असतं

या बॉक्सात सगळी कामं ऑइल करतं. इंजिनाला जोडलेला टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे वेल्डिंग करून बंद केलेला, ऑइलने भरलेला जाडजूड डबा. त्याच्या एका बाजूची पाती ऑइल फेकतात, समोरची पाती त्या झोताने फिरतात आणि बॉक्सचा शाफ्ट फिरवतात. मधलं स्टेटर नावाचं चाक परतणारा झोत योग्य दिशेला वळवून सुरुवातीचा जोर वाढवतं. पुढे गिअरांचे दोन ग्रहमालेसारखे संच असतात. मधला सूर्य, भोवतीचे ग्रह, बाहेरचं कडं, यांपैकी कोणाला धरून ठेवायचं आणि कोणाला फिरवायचं यावर गिअर ठरतो. पहिल्यात गुणोत्तर ३.०६, दुसऱ्यात १.६३, तिसऱ्यात थेट १, चौथ्यात ०.७०. धरण्या-सोडण्याचं काम चकत्यांचे क्लच आणि एक पट्टा करतात. त्यांना दाबणारा दाब ऑइलचा, त्या दाबाची वाटणी करणारी व्हॉल्व्ह बॉडी ऑइलच्याच वाटांची, आणि हा सगळा दाब तयार करणारा पंप कन्व्हर्टरच्या मानेने, म्हणजे त्याच्या बॉक्सात शिरणाऱ्या नळीने फिरतो.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पंप इंजिनाने थेट फिरत नाही, कन्व्हर्टरच्या मानेला असलेल्या खाचांनी फिरतो. घरी बसवताना सगळ्यात जास्त बॉक्स मरतात ते नेमके याच ठिकाणी.

खरंच बॉक्स गेलाय का?

दीडशे पौंडांचं धूड उतरवण्याआधी फ्यूजबॉक्स उघडा. ४एल६०-ईमध्ये दोन शिफ्ट सोलेनॉइड (गिअर बदलणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) असतात आणि दोघांचीही वीज गेली की बॉक्स आपोआप तिसऱ्या गिअरात राहतो. त्याच वेळी दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडची वीज गेल्याने ऑइलचा दाब कमाल होतो. म्हणून गाडी मरतमरत तिसऱ्यातच उठते, आणि ड्राइव्ह किंवा रिव्हर्स टाकताना धाडकन हिसका बसतो. ही जोडी दिसली की संशय आधी फ्यूज, वायर, कनेक्टर यांच्यावर घ्यायचा. जळालेल्या एका फ्यूजपायी बॉक्स बदलणारे लोक आहेत.

कोणता गिअर गेला यावरूनही बरंच कळतं. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गेले आणि पहिला-तिसरा शाबूत असतील, तर आतलं ‘सन शेल’ नावाचं पत्र्याचं भांडं मानेशी तुटलंय. या बॉक्सचा हा प्रसिद्ध आजार आहे. फक्त दुसरा-चौथा गेला पण रिव्हर्स आहे, तर पट्टा किंवा त्याचा पिस्टन. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन मोकाट सुटतं, तर ३-४ क्लचच्या चकत्या जळाल्या. यांत फक्त पट्ट्याचा पिस्टन बॉक्स गाडीत ठेवून बदलता येतो, बाकी सगळ्यांत बॉक्स उतरवण्यावाचून सुटका नाही.

पण संगणकात ‘पी१८७०’ हा कोड असेल आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना लाथ बसत असेल तर थांबा. कन्व्हर्टर लॉक करणारा, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू चकतीने थेट जोडणारा एक व्हॉल्व्ह व्हॉल्व्ह बॉडीच्या अॅल्युमिनियममध्ये पुढेमागे होऊन त्याचं छिद्र झिजवतो. लॉक घसरतंय हे संगणकाला दिसतं, आणि चकत्या वाचवायला तो दाब वाढवून टाकतो, लाथ त्याचीच. व्हॉल्व्ह बॉडी खालची पॅन काढली की हाती लागते, त्यामुळे बॉक्स गाडीतच ठेवून ती बदलता येते. हे काम एका दुपारचं.

शेवटी पॅन काढून बघा. १६ बोल्ट, आत एक चुंबक. चुंबकावर काळपट राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप असणं म्हणजे वयाची खूण. चकाकणारे कण, धातूच्या सुया किंवा चकत्यांच्या काळ्या पापुद्र्यांचा गाळ दिसला तर निकाल लागला. ऑइल करपल्यासारखं वासतं का तेही बघा. आणि ते सोलकढीसारखं गुलाबी-दुधाळ झालं असेल तर मूळ चोर बॉक्सात नाही, रेडिएटरमध्ये आहे. रेडिएटरच्या टाकीत बॉक्सच्या ऑइलचा कूलर असतो, तो फुटून पाणी ऑइलात शिरलं. पाण्याने क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर सुटतं. अशा गाडीत रेडिएटर न बदलता नवा बॉक्स बसवला तर तोही त्याच मरणाने मरेल.

बॉक्स आणताना

‘४एल६०-ई’ एवढं सांगून बॉक्स मागवला तर चुकीचा येण्याची शक्यता बरीच. हातमोजे ठेवण्याच्या कप्प्यात कोडांचा एक स्टिकर असतो. त्यात ‘एम३०’ दिसलं म्हणजे बॉक्स हाच. ‘एमटी१’ असेल तर तो ४एल८०-ई, पूर्ण वेगळा आणि जास्त दणकट. पुढे सांगायचं ते गाडीचं साल, इंजिन, आणि टू-व्हील की फोर-व्हील ड्राइव्ह. फोर-व्हीलच्या बॉक्सचा मागचा शाफ्ट आणि शेपटी ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) हिशोबाने वेगळी असते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून काही मॉडेलांत बेलहाऊसिंग, म्हणजे इंजिनाला चिकटणारा घंटेसारखा पुढचा भाग, केसपासून वेगळं, बोल्टने जोडलेलं येऊ लागलं. जुन्या धाटणीच्या व्ही८ ला २९८ मिलिमीटरचा कन्व्हर्टर, नंतरच्या एलएस कुळातल्या इंजिनांना ३०० चा. दोन्हींचे इनपुट शाफ्ट वेगळे, एकमेकांत चालत नाहीत.

भंगारवाड्यातून काढलेला वापरलेला बॉक्स स्वस्त पडतो, पण त्याचं पोट कोणी पाहिलेलं नसतं. घ्यायचाच तर पॅन काढून चुंबक बघू देणाऱ्याकडून घ्यावा. रिबिल्ट, म्हणजे उघडून दुरुस्त केलेल्या बॉक्समध्ये सन शेल मजबूत जातीचं घातलंय का आणि कन्व्हर्टर लॉकचा तो व्हॉल्व्ह दुरुस्त केलाय का, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरं दुकान बघावं. कन्व्हर्टर मात्र नवाच घ्या. जुना वेल्डिंगने बंद असल्यामुळे घरी आतून धुता येत नाही, आणि मेलेल्या बॉक्सचा निम्मा चुरा त्याच्याच पोटात असतो.

जुना आणि नवा बॉक्स जमिनीवर शेजारी ठेवून जुळवायला पंधरा मिनिटं लागतात: कनेक्टरचा आकार, सेन्सरच्या जागा, बोल्टची छिद्रं, शेपटीची लांबी, माउंटची जागा. बॉक्स वर चढवल्यानंतर कळलेली चूक एक दिवस खाते.

उतरवणं

बॉक्स कोरडा ६५ किलोच्या आसपास, त्यात भरलेला कन्व्हर्टर वेगळा. साधा जॅक त्याला तोलत नाही. पट्टा आणि वाकणारं बूड असलेला ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणा. गाडी चारही बाजूंनी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), सपाट काँक्रीटवर, आणि इतक्या उंच हवी की जॅकवर बसलेला बॉक्स खालून बाहेर सरकेल. जॅकसकट उंची आधी मोजून घ्या. गाडी घोड्यांवर चढवल्यानंतर ‘अजून चार इंच हवे होते’ हे लक्षात येणं फार सामान्य आहे. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पॅनमधलं ऑइल सोडा, साधारण पाच क्वार्ट म्हणजे पावणेपाच लिटर येईल. मागच्या शाफ्टवर आणि डिफरन्शियलच्या फ्लँजवर रंगाची खूण करून शाफ्ट काढा; तो त्याच खुणेवर परत बसला नाही तर थरथर येते. शाफ्टची पुढची मान बॉक्सच्या शेपटीतून बाहेर आली की उरलेलं ऑइल तिथून वाहतं, म्हणून एक जुनी टोपी किंवा प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधून ठेवा. शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (सांधे) हाताने हलवून बघा, खडखडला तर आत्ताच बदला.

मग गिअरची केबल, बाजूचा गोल मोठा कनेक्टर, शेपटीजवळचा वेगाचा सेन्सर, न्यूट्रल स्विच, कूलरच्या दोन नळ्या. सायलेन्सरचा वाय आकाराचा पाइप आडवा येतो. त्याचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात, म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी असं दोनदा गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सेल्फ काढा, खालचं पत्र्याचं झाकण काढा. आता इंजिनाच्या मागची दातेरी पातळ चकती, म्हणजे फ्लेक्सप्लेट दिसेल आणि तिला कन्व्हर्टर धरून ठेवणारे तीन बोल्ट. एक समोर आणून खोलायचा, इंजिनच्या पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवायचं, पुढचा आणायचा.

बेलहाऊसिंगचे वरचे बोल्ट हाच इथला घाम. हात पोचत नाही. बॉक्सखाली जॅक, इंजिनाच्या ऑइल पॅनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दुसरा जॅक लावा, मागचा आडवा क्रॉसमेंबर काढा आणि बॉक्सची शेपटी हळूहळू खाली करा. इंजिन मागे कलतं आणि वर जागा होते. मग दोन-तीन फूट एक्स्टेन्शन जोडून १५ मिलिमीटरचा सॉकेट मागून पुढे घालायचा. शेपटी किती खाली करायची याला मर्यादा आहे. जुन्या ५.७ लिटर व्ही८ आणि ४.३ लिटर व्ही६ इंजिनांत डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) अगदी मागे, फायरवॉलला म्हणजे इंजिनामागच्या भिंतीला खेटून असतो. इंजिन जास्त कललं की त्याचं झाकण भिंतीला लागून तडकतं आणि गिअरबॉक्स बदलल्यानंतर ‘गाडी आता मिस करते’ हे नवीन दुखणं उभं राहतं. समोरचा पंखाही शेजारच्या आवरणात घुसतोय का ते बघत राहा. डिपस्टिकची नळी वरच्या एका बोल्टलाच अडकलेली असते. ती विसरून बॉक्स ओढणारे ती वाकवून ठेवतात. ग्राउंडच्या तारा याच बोल्टांखाली असतात, कुठल्या कुठे ते फोनवर फोटो काढून ठेवा.

बॉक्स मागे सरकवताना कन्व्हर्टर बॉक्सला चिकटूनच आला पाहिजे. मध्येच सुटला तर पायावर पडतो आणि त्यातलं चार-पाच लिटर ऑइल अंगावर. बॉक्स निघाला की इंजिनाच्या मागच्या तोंडाकडे टॉर्च मारा. फ्लेक्सप्लेटला बोल्टांच्या छिद्रांभोवती तडा आहे का, दात खाल्लेत का, इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल पाझरतंय का. पुन्हा इथे हात घालायची वेळ येऊ नये, म्हणून सीलला थोडाही ओलावा असेल तर तो आत्ताच बदलून टाका. आणि ब्लॉकवरच्या दोन मार्गदर्शक पिना जागेवर आहेत याची खात्री करा. कधी कधी त्या जुन्या बेलहाऊसिंगबरोबर निघून जातात. पिना नसल्या तर बॉक्स केसभर तिरका बसतो, पुढचा सील गळू लागतो आणि फ्लेक्सप्लेट तडकते.

तीन ते पाच मिलिमीटर

नव्या कन्व्हर्टरमध्ये एक क्वार्ट ऑइल ओता, मानेला आणि बॉक्सच्या पुढच्या सीलला ऑइलचं बोट फिरवा, आणि बॉक्स उभा किंवा निदान तोंड वर करून ठेवून कन्व्हर्टर आत घाला. त्याला तीन वेगवेगळ्या जागी बसायचं असतं: आतल्या शाफ्टचे दात, स्टेटरच्या नळीचे दात, आणि सगळ्यात शेवटी पंपाचे कान मानेच्या खाचांत. थोडा दाब देत, थोडा मागे-पुढे फिरवत राहिलं की तो टप्प्याटप्प्याने आत उतरतो, प्रत्येक टप्प्याला ठक असा आवाज येतो. पहिल्या दोन टप्प्यांनंतर कन्व्हर्टर फिरतो, ‘बसला’ असं वाटतं, आणि तिसरा टप्पा राहून जातो. फसवणूक इथेच होते. मान पंपाच्या कानांवर नुसती टेकलेली असते.

तसाच बॉक्स गाडीला लावला तर बेलहाऊसिंग आणि इंजिन यांच्यात बोटभर फट राहते. आणि माणूस काय करतो? बोल्ट आवळून ती फट मिटवतो. बोल्ट कन्व्हर्टरला मागे रेटतात आणि पंपाचा रोटर तडकतो. इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा पंप आधीच मेलेला असतो. बॉक्स पुन्हा खाली.

म्हणून नियम साधा आहे. बेलहाऊसिंग इंजिनाला हाताच्या दाबाने, पिनांवर सरकत, सगळीकडून सपाट टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर बोल्टला हात लावायचा नाही, बॉक्स मागे घ्यायचा आणि कन्व्हर्टर बघायचा. मध्ये वायर किंवा नळी चेपली गेली नाही ना तेही याच वेळी. बोल्ट हाताने लागल्यावर पाना लावा, साधारण ५० न्यूटन-मीटरला आवळा.

मग खालच्या खिडकीतून कन्व्हर्टर हाताने फिरवून बघा. तो मोकळा फिरायला हवा, आणि फ्लेक्सप्लेटपासून ३ ते ५ मिलिमीटर मागे असायला हवा. बोल्ट लावताना तो तेवढा पुढे सरकतो. एक मिलिमीटरही फट नसेल, कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला आधीच घट्ट दाबून बसला असेल, तर तिसरा टप्पा बसलेला नाही. फट पाचपेक्षा बरीच जास्त असेल तर कन्व्हर्टर पुढे ओढला जाताना मान पंपातून अर्धी बाहेर येईल. अशा वेळी बोल्टाखाली सपाट वॉशर घालून फट भरतात. फट बरोबर असेल तर तीन बोल्ट हाताने लावून मग ६३ न्यूटन-मीटरला. बोल्ट नवे घ्या, आणि त्याच लांबीचे. लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतल्या बाजूला फुगवतो आणि लॉकची चकती तिथे घासत राहते.

कूलर

दुसरं मरणाचं ठिकाण बॉक्सपासून लांब, गाडीच्या नाकात आहे. जुना बॉक्स मरताना जो चुरा सोडतो तो कूलरमध्ये आणि नळ्यांत जाऊन बसतो. नवा बॉक्स सुरू झाला की तो चुरा धुऊन थेट नव्या व्हॉल्व्ह बॉडीत येतो आणि बारीक व्हॉल्व्ह अडकतात. कूलर चोंदला असेल तर ऑइल तापतं आणि बॉक्सच्या आतल्या भागांना वंगण कमी पडतं, कारण परतीचं ऑइल वंगणासाठीच जातं.

कूलर धुण्याच्या डब्यांमधला द्राव दोन्ही दिशांनी सोडा, स्वच्छ येईपर्यंत, मग कॉम्प्रेसरची हवा मारून पूर्ण वाळवा. जुन्या बॉक्समधून चकत्यांचा लगदा निघाला असेल तर धुण्यावर विसंबू नये, कूलर बदलावा. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला वेगळा बाहेरचा कूलर बसवणं पैसे वसूल करतं, कारण या बॉक्सचा खरा शत्रू उष्णता. परतीच्या नळीत छोटा चुंबकवाला फिल्टर बसवला तर उरलासुरला चुरा तिथे थांबेल. प्रवाह तपासायचा असेल तर गाडी सुरू झाल्यावर परतीची नळी बादलीत सोडून बघा: इंजिन आयडलवर असताना एक क्वार्ट ऑइल वीस ते तीस सेकंदांत यायला हवं. धार करंगळीसारखी बारीक असेल तर पुढे जाऊ नका. बादलीत गेलं तेवढं ऑइल परत भरायचं, हे मात्र विसरू नका.

पहिली पाच मिनिटं

बॉक्स आणि कन्व्हर्टर मिळून सुमारे ११ क्वार्ट ऑइल घेतात. १२ आणून ठेवा. २००६ सालच्या गाड्यांपासून आलेलं डेक्सरॉन-६ ऑइल जुन्या डेक्सरॉन-३ च्या जागी चालतं, तेच वापरा. पॅनचे बोल्ट ११ न्यूटन-मीटरचेच आहेत, जोर लावला तर पॅकिंग बाहेर पिळलं जातं किंवा केसमधले आटे जातात.

इंजिन सुरू करण्याआधी पाच क्वार्ट भरा. सुरू केल्याबरोबर पंप ते ऑइल कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये खेचतो आणि पॅन रिकामी होते. म्हणून एकाने किल्ली, दुसऱ्याने नरसाळं, अशी वाटणी ठेवा. सुरू होताच आणखी तीन-चार क्वार्ट ओतत जा. पंप कोरडा चालवून इंजिनाला रेस देणं म्हणजे नव्या बॉक्सचा गळा घोटणं. मग ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरात काही सेकंद थांबवत फिरवा, पार्कमध्ये आणा, इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघा. पक्की पातळी ऑइल गरम झाल्यावर, साधारण ८० ते ९० अंशांना, सपाट जागी बघायची. जास्त झालं तर फिरते भाग ऑइलचा फेस करतात आणि फेसाने दाब पडतो. कमी असलं तरी दाब पडतो. दोन्हींत चकत्या घसरून जळतात.

जुने कोड स्कॅनरने पुसा. संगणकाने जुन्या झिजलेल्या बॉक्ससाठी दाबाचे जे हिशोब शिकून ठेवलेले असतात तेही पुसता आले तर पुसा. नाहीतर पहिले काही दिवस गिअर हिसक्याने पडतील. पहिले पन्नास-साठ किलोमीटर हलक्या पायाने चालवा, मग थांबून खाली वाका: पुढचा सील, पॅन, नळ्यांचे जोड, शेपटी.

गाडी १९८२ ते १९९२ मधली, ७००-आर४ किंवा ‘ई’ नसलेल्या ४एल६० वाली असेल तर एक गोष्ट बॉक्सपेक्षाही महत्त्वाची. तिच्यात संगणकाऐवजी अॅक्सिलरेटरकडून बॉक्सकडे जाणारी एक टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल असते. ती पायाच्या दाबाप्रमाणे ऑइलचा दाब ठरवते. पाय पूर्ण दाबल्यावर केबलही पूर्ण ताणली गेली पाहिजे. ती सैल असेल तर गिअर मऊ, लवकर, छान पडतात, चालवणारा खूश होतो, आणि कमी दाबावर घसरून ३-४ क्लच थोड्याच मैलांत जळतो. केबल जुळवल्याशिवाय गाडी गराजबाहेर काढू नये, चाचणीसाठी गल्लीतसुद्धा नाही.

दीड-दोन हजार किलोमीटरनंतर पॅन पुन्हा एकदा काढून चुंबक बघणं आणि फिल्टर बदलणं चांगलं. नव्या चकत्यांचा थोडा गाळ असतो, धातू नसावा.

जुना बॉक्स फेकायचा नाही. रिबिल्ट बॉक्सच्या किमतीत ‘कोअर’ची, म्हणजे परत द्यायच्या जुन्या बॉक्सची अनामत धरलेली असते, जुना परत दिल्यावर ती मिळते. ऑइल पूर्ण काढून, तोंडं बंद करून, नवा ज्या खोक्यात आला त्यातच तो द्या. केस तडकलेली असेल किंवा शेपटी काढून ठेवली असेल तर अनामत कापतात, म्हणून उतरवताना हातोडीने कुठे मारायचं ते जपून. वापरलेलं दहा-अकरा क्वार्ट ऑइल बंद डब्यांतून सुट्या भागांच्या दुकानात न्या. अमेरिकेतली बरीच दुकानं ते फुकट घेतात, पण कूलंट मिसळलेलं सोलकढी-रंगाचं ऑइल घेत नाहीत. ते गावाच्या घातक कचरा केंद्रावरच द्यावं लागतं.